बायोलॉजी आवडते, मग फिजिक्सचे काय करायचे?

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. शाळा सुटता सुटता एक आई मुलीला घेऊन स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. मुलगी आमच्याच शाळेतून दहावी झालेली, आता अकरावी सायन्सला. आईने पिशवीतून दोन उत्तरपत्रिका काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. घटक चाचणी २५ गुणांची. बायोलॉजीत २२, फिजिक्समध्ये ४.

"मॅडम, हिचे अब्बा म्हणतात, आर्ट्सला टाका. उगाच वर्ष वाया नको. आता तुम्हीच काय ते सांगा."

मुलगी मान खाली घालून उभी होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मिस, बायो तो पूरा समझता. फिजिक्स में सर क्या बोलते, कुछ समझताच नहीं."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान मी स्वतः दहावीनंतर सोडले. त्यामुळे खरे तर हा प्रश्न माझ्याकडे यायलाच नको होता. पण या मुली येतात त्या माझ्याकडेच, कारण नव्या कॉलेजात शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात हात वर करून "समजले नाही" म्हणायची त्यांना भीती वाटते, आणि जुन्या शाळेत वाटत नाही. मी ती चार गुणांची उत्तरपत्रिका हातात घेतली आणि जी गोष्ट मला येते ती केली, म्हणजे प्रश्न वाचला. पहिल्याच प्रश्नात 'युनिफॉर्म व्हेलॉसिटी' होते. मी विचारले, "युनिफॉर्म म्हणजे काय?" ती म्हणाली, "स्कूल का ड्रेस."

हसू नका. तिने आयुष्यात तो शब्द फक्त त्याच अर्थाने ऐकला होता.

दहावीपर्यंत तिने इस्राअ, कमियत, कुव्वत, इनइताफ हे शब्द शिकले. मराठी माध्यमातल्या मुली त्वरण, वस्तुमान, बल, अपवर्तन शिकतात. अकरावीत एका सकाळी हे सगळे शब्द बदलतात. सेमी इंग्रजीवाल्यांना हा धक्का कमी बसतो, पण बसतो. बायोलॉजीतही शब्द बदलतातच. तरी तिथे आकृती असते. हृदयाचे चित्र पाहिले की कप्पे दिसतात, झडपा दिसतात, नावे पाठ करता येतात. फिजिक्सची अडचण वेगळी आहे. तिथे रोजच्या वापरातले शब्द वेगळ्याच अर्थाने येतात. वर्क, पॉवर, मोमेंट, फील्ड. 'कपल' आला की वर्गात खुसखुस सुरू होते आणि व्याख्या निसटून जाते. डोक्यावर टोपले घेऊन दिवसभर जागच्या जागी उभी असलेली बाई फिजिक्सच्या हिशोबाने त्या टोपल्यावर काहीच काम करत नाही, हे ऐकून तर माझ्या काही मुली चक्क रागावल्या होत्या.

नीटची प्रश्नपत्रिका उर्दूत मिळावी म्हणून एसआयओ ही विद्यार्थी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितले आणि २०१८ पासून उर्दूत प्रश्नपत्रिका मिळू लागली. मराठीतही मिळते. आनंदाची गोष्ट आहे. पण अकरावी-बारावीची दोन वर्षे वर्ग इंग्रजीत, क्लास इंग्रजीत आणि सराव इंग्रजीत झाल्यावर शेवटच्या तीन तासांसाठी उर्दूकडे परत येणे सोपे नसते. भाषेचा पूल लागतो तो अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत, आणि तिथे तो कोणी बांधत नाही.

आता गणित. आपल्या राज्यात अकरावी सायन्सला गणित सोडून बायोलॉजी ठेवता येते. डॉक्टर व्हायचे आहे, मग गणित कशाला, असा सरळ हिशोब घरोघरी होतो. पण फिजिक्समधले गणित काही सोडता येत नाही. २०१९ साली आलेले बालभारतीचे अकरावीचे फिजिक्सचे पुस्तक उघडा. पहिले प्रकरण मापनाचे आणि दुसरे 'मॅथेमॅटिकल मेथड्स'. सदिश, त्यांचे घटक, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळे त्यात आहे. ज्या मुलीने गणित सोडले, तिला लागणारे गणित याच एका प्रकरणात दिले आहे आणि नेमके तेच प्रकरण घाईत उरकले जाते, कारण गणित घेतलेल्या मुलांना ते गणिताच्या तासाला मिळणारच असते. पुढे प्रॅक्टिकलला लॉग टेबल हातात येते. दहावीपर्यंत लॉग पाहिलेलाच नसतो. मुली शेजारणीच्या जर्नलवरून आकडे उतरवतात आणि ३० गुणांचे प्रॅक्टिकल कसेबसे पार पडते. लेखीचे ७० मात्र उतरवता येत नाहीत.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. २००७ मध्ये, नोकरीला लागून तीन वर्षे झाली असताना, एका अत्यंत हुशार मुलीला "गणित सोड" असा सल्ला मीच दिला होता. तिला दहावीत विज्ञानात उत्तम गुण होते आणि गणितात जेमतेम. घरात कोणी शिकलेले नव्हते, सगळे माझ्या शब्दावर चालले. तिने गणित सोडले. अकरावीला फिजिक्समध्ये नापास झाली. मग वडिलांनी कॉलेज बंद केले, आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले. मी त्या काळात स्वतःला समजावत होते की तिच्या नशिबात नव्हते. आता तसे वाटत नाही. नशिबाच्या नावावर खपवलेली ती माझी चूक होती.

एका विषयावर किती अवलंबून असते, हे पालकांना आकड्यांत सांगितले की पटते. नीट ७२० गुणांची. बायोलॉजी ३६०, केमिस्ट्री १८०, फिजिक्स १८०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. म्हणजे फिजिक्सचे प्रश्न अंदाजाने सोडवले तर बायोलॉजीत कमावलेले गुणही जाऊ लागतात. एमबीबीएस तर सोडाच, बीयूएमएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपी, या सगळ्यांची वाट नीटमधूनच जाते. मालेगावच्या मन्सुऱ्यात युनानी शिकायचे असले तरी आधी फिजिक्सला सामोरे जावे लागते. फार्मसीसाठी सीईटी दिली तर त्यात फिजिक्सचे ५० प्रश्न आहेत. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एवढाच दिलासा. ४ मे २०२५ च्या नीटला फिजिक्सचा भाग इतका अवघड आणि वेळखाऊ निघाला की बाहेर आलेली हुशार मुलेही रडत होती. राज्यभरातल्या डॉक्टरांना पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. १९९८ पासून आहे. वडाळा गावातून तिथे पोहोचायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलींचा प्रवास अकरावीच्या पहिल्या चाचणीतच थांबतो.

त्या मायलेकींना मी रविवारी परत बोलावले आणि माझ्या तीन जुन्या विद्यार्थ्यांनाही फोन केला. एक फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. करते. एक मुलगा युनानीला आहे. त्याने नीट तीनदा दिली. पहिल्या खेपेला फिजिक्समध्ये १८० पैकी ११ गुण होते, असे त्याने हसत हसत सांगितले तेव्हा ती अकरावीची मुलगी पहिल्यांदा वर बघून हसली.

तिघांचे अनुभव वेगवेगळे, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते. फिजिक्स हे बायोलॉजीचे शत्रू आहे असे समजून त्यांनी ते वाचायला घेतले होते. ठोकळा उतारावरून घसरतो, चेंडू हवेत जातो, पुलीवरून दोरी जाते. याचा आणि माणसाच्या शरीराचा काय संबंध? सूत्र पाठ करा, पेपरात ओका, विसरा. युनानीवाला म्हणाला, "मिस, दो साल मैंने फॉर्म्युले हिफ्ज किये. मायने किसी ने नहीं बताये."

मग फिजिओथेरपीवाली उभी राहिली. तिने टेबलावरची माझी पर्स तळहातावर घेतली, कोपर काटकोनात वाकवले आणि अकरावीच्या मुलीला विचारले, "दंडाचा स्नायू किती जोर लावतोय?" मुलगी म्हणाली, पर्सच्या वजनाइतका. "नाही. सात-आठ पट." दंडाचा स्नायू कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि पर्स असते पस्तीस सेंटिमीटरवर. तरफेचा नियम, सहावी-सातवीत शिकलेला. पाच किलोची भाजीची पिशवी अशी धरली की स्नायूवर चाळीस किलोच्या आसपास ताण येतो. ती म्हणाली, फिजिओथेरपीचे पहिले वर्ष म्हणजे बरेचसे हेच, ज्याला मी बारावीत 'टॉर्क' म्हणून घाबरत होते.

बी.एस्सी.वालीने सलाईन काढले. बाटली उंच का टांगतात? हे मात्र अकरावीच्या मुलीला माहीत होते. दादी आजारी असताना स्टँड मिळाला नव्हता, म्हणून बाटली हातात धरून ती तासभर उभी होती. हात दुखून बाटली खाली आली आणि नळीत रक्त चढले, तेव्हा नर्स ओरडली होती. "मग तुला प्रेशर इज इक्वल टू एच रो जी येते की," ती म्हणाली. उंची, द्रवाची घनता आणि गुरुत्व. बाटलीतल्या पाण्याचा दाब शिरेतल्या रक्ताच्या दाबापेक्षा जास्त हवा, म्हणून उंची. इतकेच. ब्लड प्रेशर १२० म्हणजे १२० मिलिमीटर पाऱ्याचा स्तंभ. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून पाण्याचा स्तंभ घेतला तर तो १६३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ बायकांपेक्षा उंच. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने एका घोडीच्या धमनीला काचेची नळी लावून रक्त आठ फुटांवर चढते हे पाहिले आणि १७३३ मध्ये ते छापले. माणसाच्या बाबतीत असे कोण करू देईल? म्हणून पारा आला.

मी मध्येच विचारले, बाळ वेळेआधी जन्मले की त्याला श्वास का घेता येत नाही, तेही यातच येते का? युनानीवाल्याने सांगितले, हो, सरफेस टेन्शन. फुप्फुसातल्या इवल्या पिशव्या आतून ओल्या असतात आणि त्या ओलाव्याचा ताण त्यांना मिटवू पाहतो. शरीर साबणासारखा एक पदार्थ तयार करते, त्याने तो ताण कमी होतो. सातव्या महिन्यातल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी हे शोधले आणि आज तो पदार्थ औषध म्हणून बाळाच्या फुप्फुसात सोडता येतो. बारावीच्या पुस्तकात सरफेस टेन्शन आहे, पाण्याचे थेंब आहेत, केशनळ्या आहेत. या बाळाची गोष्ट वर्गात सांगायला पाच मिनिटे लागतील.

मग त्या अकरावीच्या मुलीने जे विचारले ते ऐकून सगळे गप्प झाले. "मिस, झाकिर हुसेन में जो हुआ था, वो भी प्रेशर था ना?"

२१ एप्रिल २०२१. रमजान सुरू होऊन आठवडा झाला होता. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीत गळती झाली, नळ्यांतला दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. ही मुलगी तेव्हा लहान होती. मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला तो दिवस आठवतो. टाकीजवळचा तो पांढरा धूर सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला होता. बी.एस्सी.वालीने तिला हळूहळू समजावले. टाकीत ऑक्सिजन द्रवरूपात असतो, उणे १८३ अंशांच्या थंडीत. एका लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, म्हणून एवढी टाकी एवढ्या रुग्णालयाला पुरते. तो पांढरा धूर म्हणजे हवेतल्या बाष्पाचे गोठलेले थेंब. टाकी गळली की नळीतला दाब टिकत नाही, आणि व्हेंटिलेटरला ठराविक दाब लागतो. ऑक्सिजन हवेत सगळीकडे सांडत होता आणि खाटेवरच्या माणसापर्यंत पोहोचत नव्हता. मुलगी लिहून घेत होती. तिला कोणी लिहायला सांगितले नव्हते.

फिजिक्स आणि वैद्यक ही दोन वेगळी घरे आहेत, असे आपल्या पूर्वजांना वाटत नव्हते. इब्नुल हैसम सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मला आणि १०४० च्या सुमारास काहिऱ्यात वारला. त्याच्या 'किताबुल मनाजिर'चे सात भाग आहेत. पहिल्याच भागात तो डोळ्याची रचना देतो आणि तिथूनच प्रकाशाकडे जातो. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत होते. वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो म्हणून दिसते, हे याने प्रयोगाने आणि भूमितीने मांडले. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोगही त्याचेच. लहानपणी जुन्या नाशकातल्या आमच्या घरी दुपारी खिडकीच्या फळीतल्या भोकातून समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसे उलटी चालताना दिसायची. आम्हाला ती जिन्नांची करामत वाटे. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात युनेस्कोने त्याच्या ग्रंथाची हजार वर्षे साजरी केली. आपल्याकडेही जलशांत त्याचे नाव घेतले जाते, लोक माशाअल्लाह म्हणतात. नंतर घरी जाऊन त्याच लोकांनी मुलीला भूमिती झेपत नाही म्हणून सायन्समधून काढले, तर त्या माशाअल्लाहचा काय उपयोग? त्याची भूमिती त्याला आयती मिळाली नव्हती.

उर्दूत भिंगाला अदसा म्हणतात. तो शब्द अरबी 'अदस'वरून आला, म्हणजे मसूर. सूरह बकरहमध्ये हा शब्द आहे. इंग्रजीतला लेन्ससुद्धा लॅटिनमधल्या मसुरावरूनच आला. मसुराचा दाणा हातात घेतला की दोन्ही बाजूंनी फुगीर, मध्ये जाड, कडेला पातळ, बहिर्वक्र भिंग. भाषेच्या शिक्षिकेला फिजिक्समध्ये जागा आहे ती अशी. मी आता दहावीच्या मुलींना एक वही करायला लावते. पानावर तीन रकाने, उर्दू, मराठी, इंग्रजी. दोनशे शब्द झाले की अकरावीचा पहिला घटक वाचता येतो.

जीवशास्त्राच्या मुलांना फिजिक्स जड जाते, ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात एडवर्ड रेडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विद्यार्थ्यांसाठी 'नेक्सस फिजिक्स' नावाचा वेगळा अभ्यासक्रमच तयार केला. ठोकळे आणि पुली कमी. पेशीतला प्रसार, द्रव आणि ऊर्जा जास्त. त्यांना एक गमतीची गोष्ट आढळली. एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा मिळते, हे बायोलॉजीत पाठ असते. बंध तोडायला ऊर्जा लागते, हे फिजिक्समध्ये लिहिलेले असते. मुले दोन्ही पेपरांत दोन उत्तरे लिहून मोकळी होतात, आणि ती एकत्र बसतात कशी, हे त्यांना कोणी विचारत नाही. (ती बसतात. जुना बंध तोडायला थोडी ऊर्जा लागते, पण नवे बंध तयार होताना त्याहून जास्त मिळते.) आपल्याकडे अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल.

तोवर घरात काय करायचे? क्लासेस कॉलेज रोडला, गंगापूर रोडला. फी लाखांच्या घरात. सिटीलिंकने परत यायला मुलीला रात्रीचे आठ-नऊ होतात आणि घरात कुरबूर सुरू होते. सगळ्यांना ते जमणार नाही, आणि ते जमले नाही म्हणून काही संपत नाही. फिजिक्सवालासारखे व्हिडिओ मोबाईलवर आहेत. इशानंतर घरी बसून पाहता येतात. पण व्हिडिओला तुम्ही कुठे अडलात ते कळत नाही. म्हणून मी पालकांना एवढेच सांगते, पहिल्या चाचणीच्या गुणांवर निर्णय घेऊ नका, आणि अकरावीला गणित ठेवता येत असेल तर ठेवा. नाहीच ठेवले तर मे महिन्याच्या सुट्टीत त्रिकोणमिती, लॉग आणि आलेख एवढे तरी कोणाकडून शिकून घ्या. मुलाच्या क्लासला पैसे आणि मुलीला "तू घरीच कर" हेही जरा थांबवा. मुलगी अभ्यासाला बसली असेल तर भाकऱ्या तिच्या भावालाही लाटता येतात. पहिल्यांदा गोल होणार नाहीत.

त्या मुलीला आर्ट्सला टाकले नाही. दुसऱ्या चाचणीत तिला ११ गुण मिळाले, २५ पैकी. फार नाहीत. तिच्या अब्बांनी दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या आणि वार्षिक परीक्षेपर्यंत थांबू, असे सांगितले.

रविवारी जोहरनंतर आता शाळेतली एक खोली आम्ही उघडून घेतो. तिघांपैकी ज्याला वेळ असेल तो येतो. कधी सहा मुली असतात, कधी चौदा. मी मागे बसते आणि शब्द अडला की सांगते. गेल्या महिन्यापासून शेवटच्या बाकावर नववीतली एक मुलगी येऊन बसते. २००७ मध्ये जिला मी गणित सोडायला सांगितले होते, तिची ही मुलगी. आई तिला सोडायला येते आणि दारातच उभी राहून फळ्याकडे बघत असते. परवा तिने विचारले, "मिस, इसको गणित रखना ना?"

मी म्हटले, ठेव. आणि तू आत येऊन बस, उन्हात उभी राहू नको.